वरच्या पेठेने खालच्या पेठेस चेंडू दिला ते वर्तमान

श्री मैदानमाता समर्थ. जिचे अंगावर गवत थोडे आणि खडी फार, जी पडणाऱ्याचे गुडघे फोडिते आणि उठणाऱ्यास पुन्हा उभे करिते, तिचे चरणी मस्तक ठेवोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, कार्तिक मासी जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले असे. ज्यांस खोटे वाटेल त्यांनी मैदानावर येऊन विचारावे, तेथे सांगणारे पुष्कळ आहेत आणि सगळे एकदम सांगतात.

एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. ज्यांचे आहे त्यांस ठाऊक आहे, बाकीच्यांनी आपलेच समजावे. त्या राज्यात फुटबॉलाचे वेड ऐसे की लग्नाचा मुहूर्त सामन्याची वेळ पाहोन धरावा, आणि वरमाय रुसली तरी चालेल पण गोलकीपर रुसू नये. चढावर वरची पेठ, तिचा रंग निळा; उतारावर खालची पेठ, तिचा रंग भगभगीत पिवळा; आणि दोहींत वैर ऐसे की निळ्याने पिवळा आंबा खातानाही इकडेतिकडे पाहोन खावा. मधोमध कॉलेजाचा किल्ला. किल्ल्यावर श्रीमंत प्राचार्य देशिंगकर महाराज राज्य करीत होते, आणि त्यांचे सरलष्कर लोखंडे सर, क्रीडा संचालक, गळ्यात शिट्टी घालोन फौजेचा बंदोबस्त पाहात होते. महाराजांस एकच ध्यास, की विद्यापीठाचा मुलींचा चषक आपल्या किल्ल्यावर यावा. आणि चषक काही येत नव्हता.

न येण्याचे कारण येणेप्रमाणे. तीन वर्षांमागे महाराजांनी दोन्ही पेठांच्या निवडक पोरी गोळा करोन फौज बांधिली आणि मोहिमेवर धाडिली. पोरी एकेक ऐशा की चेंडू पायास शिवला तर चिकटावा. परंतु मैदानात उतरल्यावर निळी पिवळीस चेंडू देईना आणि पिवळी निळीस देईना. शेवटी ऐसे जाहले की खालच्या पेठेची थोरली मगदूम मोकळी उभी, पुढे शत्रूचा गोल उघडा, आणि वरच्या पेठेच्या किल्लेदारणीने, म्हणजे गोलकीपरने, तिला चेंडू देण्याऐवजी सरळ रेषेबाहेर भिरकाविला. सगळ्या विद्यापीठाने ते पाहिले आणि हसोन हसोन पोट धरिले. फौजेची पुरी शिकस्त जाहली. मग महाराज परत येऊन खुर्चीवर बसले, पाणीही न पिता बोलिले, "लोखंडे, या गावच्या पोरींना खेळ येतो. एकमेकींना चेंडू देता येत नाही. मला पेठ नसलेल्या पोरी आणा." आणि सरलष्कर मुजरा करोन मुलूखगिरीस निघाले, आणि उत्तरेच्या उंच पोरी, किनाऱ्याच्या चपळ पोरी, दक्षिणेच्या न थकणाऱ्या पोरी, आणि पूर्वेच्या डोंगरांतून लिंथोई नामे एक गोलकीपर ऐसी कुमक घेऊन आले. त्यांस वसतिगृह दिले, बूट दिले, दूध-अंडी दिली. आणि गावच्या पोरींस काय दिले? तर चुन्याचा डबा दिला, की रेघा मारा, आणि चेंडू झुडपात गेला तर आणोन द्या. परमुलखी फौज उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली, चषक मात्र आला नाही, तरी महाराज म्हणती, पुढल्या साली अजून लांबून आणू.

तेसमयी वरच्या पेठेत हर्षदाबाई साळोखे ऐसी एक पोर होती. कन्याशाळेत बारावीस, उंची बेताची, आवाज मोठा, आणि गोलात उभी राहिली म्हणजे जाळ्यास भोके असली तरी कोणास दिसू नयेत. वरच्या पेठेच्या तालमीचे, म्हणजे जिच्या नावाने निळे फुटबॉल खेळत तिचे, वस्ताद आबासाहेब साळोखे तिचे थोरले काका. तिची इच्छा एकच, की पुढल्या साली कॉलेजात पाऊल ठेवावे ते फौजेत ठेवावे, चुन्याच्या डब्यासह नव्हे. पुढल्या सालची फौज कार्तिकातच नेमली जात असे. मग हर्षदाबाई शाळेच्या गणवेशातच लोखंडे सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "सर, मला ट्रायल द्यायचीय." सर मोबाइलात कोणा दूरदेशीच्या पोरीचा खेळ पाहात होते, मान न उचलता बोलिले, "बाळ, ट्रायल बाहेरच्यांची असते." "मी पण बाहेरच आहे की सर, आत कुठं घेतलंय?" तेव्हा सरांनी मान उचलिली. "साळोखे ना तू? मागं चेंडू बाहेर टाकला ती कोण तुझी?" "थोरली चुलतबहीण." "मग झालं तर. घराणंच ते." हर्षदाबाईंचे कान तापले. ऐसे तापले की त्यावर भाकरी भाजावी. त्या म्हणाल्या, "माझा खेळ बघा की. माझ्या बहिणीचा किती वर्षं बघणार?" आणि सर पुन्हा मोबाइलात शिरले. मग बाई तेथून निघाल्या त्या घरी गेल्या नाहीत, जिना चढोन थेट महाराजांच्या दरबारी गेल्या, आणि शिपाईमामा "अपॉइंटमेंट? अपॉइंटमेंट?" करीत मागे आले तोवर आत पोहोचल्या होत्या.

महाराज चहा घेत होते. बाईंनी सगळे एका दमात सांगितले, मध्ये श्वासही घेतला नाही. महाराजांनी बिस्कीट बशीत ठेविले आणि विचारिले, "तू म्हणतेस गावच्या पोरी घ्या. मी घेतल्या होत्या. काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. आता तू सांग, काय बदललं?" यावर उत्तर सोपे नव्हते, कारण बदलले काहीच नव्हते. गेल्याच महिन्यात शाळांच्या सामन्यात निळ्या पोरींनी आणि पिवळ्या पोरींनी एकमेकींच्या पाण्याच्या बाटल्यांत माती घातली होती, आणि त्यात हर्षदाबाईंचाही हात होता. परंतु बाई मागे हटणाऱ्या नव्हत्या. "सर, बदललेलं नाही. बदलून दाखवते." महाराज हसले. "दाखव. येत्या रविवारी अकरा पोरी आण, दोन्ही पेठांच्या, आणि माझ्या फौजेशी खेळ. जिंकलात न जिंकलात ते नंतर. मला एवढंच बघायचंय, वरची पेठ खालच्या पेठेला चेंडू देते का. दिलात, तर गावासाठी ट्रायल उघडतो. नाही दिलात, तर पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही." "आणि माझी जागा?" "ती तू मिळव."

मग दुसरे दिवशी हर्षदाबाई निळी ओढणी घेऊन, ती काढावी ऐसे मनातही न आणिता, उतार उतरोन खालच्या पेठेत शिरल्या. पेठेत गडबड उडाली. पोरे खिडकीतून ओरडिली, "ए, वरची आली, वरची आली! वाट चुकलीस काय?" "चुकले न्हाई. सानिका मगदूमचं घर कुठलं?" सानिकाबाई मगदूम म्हणजे खालच्या पेठेची धार. वारा पाठीमागून येवो की पुढून, ती चेंडू घेऊन निघाली म्हणजे वाऱ्यानेच वाट द्यावी. तीन वर्षांमागल्या मोहिमेत जी मोकळी उभी राहिली ती तिचीच थोरली बहीण. सानिकाबाई उंबऱ्यात आल्या, हाताची घडी घातली आणि बोलिल्या, "बाटलीत माती घालायला आलीस? घरात पिंप आहे, दाखवू?" "खेळायला बोलवायला आले." आणि हर्षदाबाईंनी सगळी मसलत सांगितली. सानिकाबाई ऐकोन घेत्या जाहल्या आणि म्हणाल्या, "माझी ताई अजून स्वप्नात हात वर करते, माहितीय? मोकळी आहे, मोकळी आहे, म्हणत. तुझ्या बहिणीनं बाहेर टाकला." "टाकला. वाईट केलं तिनं." "आणि तू काय करशील?" "तुला देईन." "तुझे काका कडेला उभे असताना?" "असताना." सानिकाबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळिले. "बघू. पोरी मी आणते. पण ऐक, तू दिला नाहीस ना, तर मी मैदानातच बसेन. उठणार नाही." ऐसा तह जाहला. त्यावर सह्या-शिक्के काही नव्हते, सानिकाबाईंच्या आईने दोघींच्या हातावर चिरमुरे ठेविले तेवढेच.

हे वर्तमान हर्षदाबाईंच्या आधी चढ चढोन वर पोहोचले. आबासाहेब तालमीच्या दारात खुर्ची टाकोन बसले होते. "काय गं, खाली गेलतीस म्हणं?" "गेलते." "कुणाला विचारून?" "विचारलं असतं तर न्हाईच म्हणाला असता काका, म्हणून न्हाई विचारलं." तालमीतले गडी हसू दाबीत भिंतीकडे वळले. आबासाहेबांचा चेहरा निळा पडला, म्हणजे रंग आपल्याच पेठेचा. ते म्हणाले, "तुझा आजा या तालमीसाठी पाय मोडून घेऊन आला होता. त्या पिवळ्यांना चेंडू दिलास तर माझ्या घरात येऊ नकोस. आणि हातमोजे तालमीचे आहेत, ते ठेव हितं." हर्षदाबाईंनी हातमोजे काढिले, एकात एक घातले, खुर्चीच्या हातावर ठेविले. रडे आले होते. परंतु तालमीसमोर रडू नये म्हणोन गिळिले, आणि म्हणाल्या, "हात तर माझेच आहेत न्हवं?"

मग शनिवारी सायंकाळी बाई मोकळ्या हातांनी मैदानावर सराव करीत होत्या. बोटे सोलली होती. तेव्हा परमुलखी गोलकीपर लिंथोई वसतिगृहातून आली आणि कडेला बसोन पाहू लागली. ती मराठी शिकली होती ती जेवणघराच्या मावशींकडून, सबब तिची सगळी भाषा पंगतीतली. ती म्हणाली, "हात रिकामा का?" हर्षदाबाईंनी कारण सांगितले आणि रागाचे भरात हेही सांगितले की तुम्ही आलात म्हणून आमची जागा गेली. लिंथोई रागावली नाही. म्हणाली, "माझ्या गावात पण कॉलेज आहे. मोठं. तिथं मला नाही घेतलं." "का?" "ते म्हणतात इथल्या पोरी नको. बाहेरून आणू. कुठून आणल्या, माहीत आहे? तुमच्याकडच्या." हर्षदाबाई बसल्या त्या हसू लागल्या, आणि लिंथोईही हसू लागली, आणि दोघी खडीवर लोळोन हसल्या, की अवघ्या देशातल्या राजांनी आपापल्या अंगणातले पीक फेकोन शेजाऱ्याचे आणिले आहे, आणि शेजाऱ्याने त्यांचे. मग लिंथोईने पिशवीतून जास्तीचे हातमोजे काढिले. "नको, उद्या तुझ्याविरुद्धच खेळायचंय." "घे गं, लाजू नको. पोटभर घे." बाईंनी घेतले.

रविवारी दोन प्रहरी अवघे राज्य मैदानावर लोटले. उत्तर बांधावर निळे, दक्षिण बांधावर पिवळे, मध्ये मांडवात महाराज, आणि जेवणघराच्या मावशी भांडी तैशीच टाकोन आल्या होत्या. निळ्यांनी ओरडावे, "पिवळ्या, हळद लावून आलाय काय, नवरी कुठाय?" पिवळ्यांनी ओरडावे, "निळ्या, थंडी वाजली काय रे?" शिट्टी वाजली. आणि लिहावयास लाज वाटते, परंतु जे जाहले ते लिहिणे प्राप्त, की पहिल्या अर्धात काहीही बदललेले दिसले नाही. निळ्या पोरी निळ्यांत खेळत, पिवळ्या पिवळ्यांत खेळत, आणि परमुलखी फौज दोहींच्या मधल्या मोकळ्या वाटेने बाजारास निघाल्यासारखी येत होती. एक गोल जाहला. हर्षदाबाईंनी चार-दोन चेंडू ऐसे अडविले की बांध उभा राहिला. मग एक चेंडू हाती आला, सानिकाबाई डावीकडे मोकळी, हात वर करोन उभी, आणि हर्षदाबाईंचे डोळे गेले उत्तर बांधावर, तेथे आबासाहेब, आणि हात आपोआप उजवीकडे वळला, आणि चेंडू चुलतबहीण ऋतुजाकडे गेला. ऋतुजाच्या पायातून तो हिसकला आणि दुसरा गोल जाहला. सानिकाबाई चालत मधल्या वर्तुळात आल्या आणि खाली बसल्या. मांडी घालोन. ऐशा बसल्या की हरदासाचे कीर्तन ऐकावयास आल्या आहेत. शिट्टी अर्ध्या वेळेची वाजली तरी उठल्या नाहीत.

तेव्हा हर्षदाबाई गोल सोडोन वर्तुळात गेल्या. "ऊठ." "बोलले होते बसेन म्हणून." "भ्याले मी." सानिकाबाईंनी वर पाहिले. त्यांनी नाना बहाणे ऐकावयाची तयारी केली होती, हे उत्तर त्यांच्या हिशेबात नव्हते. "कुणाला भ्यालीस?" "काकांना. पण आता दोन गोल बसले, आता आणिक काय व्हायचंय? ऊठ की गं, सगळे बघायलेत." "मग देशील?" "नाही दिला तर मी पण तुझ्याशेजारी येऊन बसते. महाराजांना चहा तिथंच मागू." सानिकाबाईंस हसू आले, आणि हसल्यावर बसोन राहणे अवघड जाते, सबब उठल्या.

दुसरा अर्ध सुरू जाहला. परमुलखी फौजेने हल्ला केला, चेंडू उंच आला, आणि हर्षदाबाई सगळ्यांच्या डोक्यांवरून झेपावोन तो घेत्या जाहल्या. सानिकाबाई मोकळी. उत्तर बांधावरून आबासाहेबांचा आवाज आला, तालमीत घुमणारा, "हर्षे! दिलास तर घर न्हाई!" आणि सगळ्यांनी ऐकिले. हर्षदाबाईंनी या वेळी बांधाकडे पाहिलेच, मुद्दाम पाहिले, काकांच्या डोळ्यांस डोळा दिला, आणि सगळ्या अंगाचा जोर लावोन चेंडू डावीकडे फेकिला. निळीने पिवळीस दिला. सानिकाबाईंनी तो छातीवर घेतला आणि निघाल्या. एक मागे टाकिली, दुसरी मागे टाकिली, समोर लिंथोई, आणि सानिकाबाई मारणार ऐसे सगळ्यांस वाटले, सानिकाबाईंसही वाटले असावे, परंतु उजवीकडे ऋतुजा मोकळी होती, निळी, आणि सानिकाबाईंनी तिला दिला. पिवळीने निळीस दिला. ऋतुजा इतकी चकित जाहली की पाय उचलावयाचा म्हणून उचलला, आणि चेंडू जाळ्यात गेला.

आता या राज्यात जे कधी जाहले नाही ते जाहले. गोल पडला आणि कोणीही ओरडिले नाही. निळ्यांस कळेना हा गोल पिवळ्यांचा की आपला, पिवळ्यांस कळेना आपला की निळ्यांचा, आणि चुकोन दुसऱ्याच्या गोलास ओरडलो तर पेठेत तोंड काय दाखवावे, म्हणोन अवघे राज्य तोंड उघडे ठेवोन गप्प. शेवटी जेवणघराच्या मावशी ओरडिल्या, "अरं गोल झाला की मुडद्यांनो!" आणि मग बांध फुटला. निळे म्हणती आमचा, मारिला ऋतुजाने. पिवळे म्हणती आमचा, नेला सानिकाने. त्यावर सगळ्यांत मोठा आवाज आबासाहेबांचा, "अरं, सुरुवात कुणी केली? चेंडू फेकला कुणी? आमच्या हर्षीनं फेकला!" हर्षदाबाई गोलातून ओरडिल्या, "काका, घर हाय का न्हाई मग?" आणि आबासाहेब गडबडले, टोपी काढोन पुन्हा घातली, आणि ओरडिले, "पुढं बघ! चेंडू आला बघ!" खरेच आला होता. तो तिने अडविला. नंतर एक अडविता आला नाही. सामना परमुलखी फौजेने जिंकला, तीन विरुद्ध एक.

मग महाराजांनी दोन्ही फौजा मांडवात बोलाविल्या आणि म्हणाले, "चेंडू दिलात. शब्द पाळतो. गावासाठी ट्रायल उघडली. सानिका मगदूम आणि ऋतुजा साळोखे, तुम्ही सरावाला या." हर्षदाबाई वाट पाहात उभ्या. महाराज थांबोन म्हणाले, "बाळ, तू तीन गोल खाल्लेस. माझ्याकडे लिंथोई आहे. तू राखीव राहा." ज्या पोरीने वाट उघडिली तिलाच वाट नाही, ऐसा प्रसंग. सानिकाबाई पुढे होऊ लागल्या, हर्षदाबाईंनी त्यांस हाताने थांबविले. "सर, पहिले दोन गोल खाल्ले तेव्हा आम्ही दोन फौजा होतो. एक फौज झालो त्यानंतर आम्ही एक खाल्ला आणि एक दिला." महाराज बोलिले, "हरलातच ना पण?" "हरलो. मागच्या वेळी निळ्या वेगळ्या हरल्या होत्या, पिवळ्या वेगळ्या. आज पहिल्यांदा एकत्र हरलोय सर, त्यात पण मजा आहे. राखीव मला चालेल. पण चुन्याचा डबा नाही आणि झुडपातले चेंडू नाहीत. रोज सराव, लिंथोईसमोरच्या गोलात. सामन्याच्या दिवशी जी भारी तीच उभी राहील. कुणी कुठून आलीय ते विचारायचं नाही. ती लांबून आली म्हणून घ्यायची नाही आणि मी जवळची म्हणून टाकायची नाही." लोखंडे सरांनी शिट्टी तोंडात धरिली ती तैशीच राहिली. महाराजांनी लिंथोईकडे पाहिले, की ही काय म्हणते. लिंथोई म्हणाली, "बरोबर आहे सर. मला पण भीती पाहिजे. नाहीतर मी जाडी होईन." महाराजांनी मान हलविली आणि हुकूम जाहला.

सोमवारी सकाळी शाळेच्या आधी ट्रायलीस चढावरून आणि उतारावरून इतक्या पोरी आल्या की खडी दिसेना. लोखंडे सर सवयीने पहिलीस विचारिते जाहले, "कुठली गं तू? वरची का खालची?" ती पोर बारावीतली, बूट थोरल्या बहिणीचे, मान ताठ करोन म्हणाली, "डाव्या बाजूची." दुसरी म्हणाली, "मधली." तिसरी म्हणाली, "गोलकीपर." सरांनी पुन्हा विचारिले नाही. आणि तिसरीस ऐकोन हर्षदाबाईंनी हातमोजे घट्ट केले, कारण आता लिंथोईसह तिघी जाहल्या होत्या, आणि जागा एकच होती.

एवंच, चषक अजून आला नाही, येईल तेव्हा येईल. गोल कोणाचा याचा निवाडा अद्याप लागलेला नाही, दोन्ही पेठा भांडत आहेत, परंतु आता एकाच बांधावर उभ्या राहोन भांडतात. राजे लोकांनी लांब पाहण्याआधी आपली खिडकी उघडावी. आणि ज्यांस राखीव म्हणोन बसविले त्यांनी बसू नये. मैदान कोणाच्या बापाचे नाही. इति.